ज्ञानू आढावच्या वहीतलं पहिलं नाव

ज्ञानू आढाव आणि मी एकाच गावचे, शेवगाव तालुक्यातले. एकाच तरटावर बसून सातवीपर्यंत शिकलो, एकाच गुरुजींच्या हातचा मार खाल्ला आणि पोट भरायला एकाच वर्षी इकडं ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात आलो. तो दिघ्याला राहिला, मी ऐरोलीला. त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार त्याच्या बायकोनंतर माझाच.

प्रार्थना त्याच्या घराण्यातच होती. त्याचे वडील जेवणाआधी अशी लांब प्रार्थना करायचे की कोरड्यास गार व्हायचं. एकदा आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो. त्यांनी आकाशाचे आभार मानले, पावसाचे मानले, गव्हर्नरसाहेबांपर्यंत पोचले, आणि ‘आमेन’ म्हणून डोळे उघडतात तो टोपल्यातली भाकरी घेऊन कुत्रं उंबऱ्यापार! आम्ही दगड शोधायला लागलो. वडिलांनी परत डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘प्रभू, आता त्याच्या जेवणावरही आशीर्वाद दे.’’ असल्या बापाचा हा मुलगा.

ज्ञानूनं दिघ्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. दर तासाला काचेतली पाण्याची पातळी बघायची, वाफेचं प्रेशर बघायचं आणि शीटवर आकडा लिहायचा, हे त्याचं काम. हाडात मुरलेली सवय. निवृत्त झाला तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीनं विचार केला, एवढा टापटिपीचा माणूस रिकामा कशाला ठेवायचा? पाळकांनी त्याच्या हातात विनंतीवही दिली. ज्याला कुणाला प्रार्थना हवी असेल त्याचं नाव आणि अडचण या वहीत लिहायची, आणि वही ज्याच्याकडं त्यानं रोज त्या नावांसाठी प्रार्थना करायची, अशी आमच्याकडं पद्धत आहे.

ज्ञानूनं नवी लांबडी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. नाव, विनंती आणि पुढं महिन्याचे एकतीस चौकोन. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, नाव वाचायचा, विनंती वाचायचा, चौकोनात बरोबरची खूण करायचा. एकशे त्रेचाळीस नावं, बावीस मिनिटं. मला अभिमानानं सांगायचा, ‘‘नऊ वर्षांत एक चौकोन मोकळा नाय.’’

त्या वहीतलं पहिलं नाव मात्र मंडळीतल्या कुणाचं नव्हतं. मुस्तफा, आणि पुढं लिहिलेलं, ‘कामधंदा, घरदार’. मी एकदा विचारलं, हा मुस्तफा कोण. ज्ञानू म्हणाला, ‘‘कारखान्यातला,’’ आणि पान उलटलं. त्या पहिल्या नावापर्यंत पोचायला ज्ञानूला कसे नि किती हेलपाटे पडले, ते मला सांगायचंय.

सुरुवात झाली ती गेल्या वर्षीच्या एका रविवारी. आमची उपासना ऐरोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. पाळकांनी ज्ञानूला मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायची, प्रार्थना करायला उभं केलं. ज्ञानूला वही लागत नाही, नावं तोंडपाठ. डोळे मिटून गाडी सुरू. ‘‘हे दयाळू बापा, पुतळाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निर्विघ्न पार पाड...’’ पुतळाबाई पहिल्या रांगेत बसलेल्या. ऑपरेशन होऊन दहा महिने झालेले, नव्या डोळ्यांनी त्या ज्ञानूकडं टक लावून बघत होत्या. मागं थोडी खसखस झाली. पण ज्ञानूचं इंजिन काय थांबतंय! ‘‘आणि हे प्रभू, आपला राजवर्धन एकटा आहे. त्याला अनुरूप, सुशील सहचारिणी दे. लवकर दे.’’

आता, राजवर्धन तिसऱ्या रांगेत. शेजारी त्याची बायको रंजिता, आणि मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू.

रंजितानं नवऱ्याकडं वळून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘काय हो, अजून एक मागवलीय का?’’

हॉल कोसळला. पाळक बायबलमागं तोंड लपवून हलत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी. लेकरू दचकून रडायला लागलं आणि त्या गोंधळात ज्ञानूनं ‘आमेन’ म्हटलं की नाही ते आजवर कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर राजवर्धन बिचारा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही लग्नाला होता की! आहेर दिलात, जिलबी खाल्लीत.’’

‘‘होतो रे. पण वहीत कुणी खोडायला सांगितलं नाय.’’

मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो, कारण त्याचा चेहरा काही बरा नव्हता. घरी त्याच्या बायकोला, गोजरावहिनींना, बातमी आमच्या आधी पोचलेली. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘मला काय नवल नाय वाटलं. मी नऊ वर्षं रोज पहाटं ऐकते. तुमी नावं वाचता. माणूस एकबी दिसत नाय तुमाला.’’

‘‘अगं, देवाला दिसतो ना!’’

दारात घरमालकीण सगुणाबाई उभ्या होत्या. मूळच्या दिघ्याच्याच, खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. जमिनी गेल्या, चाळी आल्या, पण जिभेची धार तीच. त्या म्हणाल्या, ‘‘ज्ञानूदादा, तुमचे देवाला समदा ठावा हाय. तुमाला काय ठावा हाय, ता सांगा.’’

ज्ञानूनं वही उचलून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी तो वही परत करायला पाळकांकडं गेला. मी होतो बरोबर. पाळक आमच्या मुलाच्या वयाचे, पण डोकं शांत. वही घेतलीच नाही. म्हणाले, ‘‘काका, वही चांगलीय. फक्त तुम्ही ती घरात बसून भरताय. रोज एकाकडं जा. विचारा, कसं चाललंय. मग त्याच्यासाठी प्रार्थना करा. एकाच्याच.’’

‘‘आणि बाकीचे एकशे बेचाळीस?’’

‘‘त्यांना देव सांभाळेल. आत्तापर्यंत कोण सांभाळत होतं?’’

झालं. ज्ञानू पिशवी घेऊन गावभर निघाला, आणि मी रिकामटेकडा, त्याच्या मागं.

पहिल्या पुतळाबाई. वहीत मोतीबिंदूशेजारी लिहिलेलं, ‘साखर’. ज्ञानूनं विचारलं, साखर कशी आहे? त्या म्हणाल्या, ‘‘साखरेला काय झालंय! एकशे तीसच्या वर नाय. मला त्रास वेगळाच. सून फार चांगलीय.’’

‘‘मग त्रास काय?’’

‘‘हाच की! भाजी चिरू देत नाय, भांडी घासू देत नाय, ‘आई, तुम्ही बसा’ म्हणते. बसून बसून मी मेले की रे! देवाला सांग, तिच्या मनात थोडा आळस घाल.’’

ज्ञानूला हसू आवरेना, आणि तिथंच, त्या हसण्यातच त्यानं डोळे मिटले. प्रार्थना चार वाक्यांची झाली. तिच्यात दयाळू-मायाळू-कृपाळू काही नव्हतं. पुतळाबाई होत्या, त्यांचे रिकामे हात होते, आणि ती सून होती. ‘आमेन’ झाल्यावर सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि न बोलता मेथीची जुडी आणि परात सासूपुढं ठेवून गेली. भिंती पातळ असल्या की कुणाकुणापर्यंत प्रार्थना पोचतात बघा.

असे तीन महिने गेले. एका घरी पाय दुखतो म्हणून लिहिलेलं, तिथं पायापेक्षा एकटेपण जास्त दुखत होतं. एका ठिकाणी ‘नोकरी’ लिहिलेलं, तर पोरगा म्हणाला, ‘‘काका, नोकरी आहे, ती सुटावी म्हणून मागा.’’ सीबीडी बेलापूरला एका सरकारी कचेरीतल्या कारकुनाला आम्ही भेटायला गेलो. तो म्हणाला, माझ्यासाठी काही मागू नका, फक्त पाच मिनिटं बसा. इथं जो येतो तो कागद घेऊनच येतो. आम्ही बसलो. पाचाची पंचवीस मिनिटं झाली. ज्ञानू एक शब्द बोलला नाही आणि उठताना मला म्हणाला, ‘‘आज लय लांब प्रार्थना झाली.’’

बदल मला दिसत होता. पहिल्यांदा तो लोकांचं ऐकून घ्यायचा, मग प्रार्थना करायचा. हळूहळू घरी पहाटेही तो बोलण्याआधी गप्प बसायला लागला. गोजरावहिनी म्हणाल्या, ‘‘आधी मला वाटलं डुलकी लागली. जवळ जाऊन बघते तर जागे.’’ मी त्याला विचारलं, गप्प बसून काय करतोस? म्हणाला, ‘‘माणूस डोळ्यांपुढं आणतो. त्याचं दार, त्याची खुर्ची, तो कसा खोकतो ते. मग देवालाच विचारतो, याच्यासाठी तुला काय वाटतं? इतकी वर्षं मीच सांगत होतो रे, त्याला बोलूच देत नव्हतो.’’

सगळं झकास चाललेलं. पण ज्ञानू वहीच्या दुसऱ्या नावापासून सुरू झालेला. पहिलं नाव तसंच.

मग मार्गशीर्षाच्या सुमाराला त्याची गाडी अडली. पहाटे बसायचा पण कुणाचाच चेहरा डोळ्यांपुढं येईना. ‘‘दुसऱ्या कुणाचा आणायला गेलो की मुस्तफाच येतो,’’ म्हणाला. ‘‘आणि तो आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. वाचत होतो तोवर बरं होतं. खूण केली की सुटका.’’ आठ दिवस प्रार्थना बंद. जेवणाआधीची पण गोजरावहिनीच करायच्या. शेवटी आमच्या सोसायटीच्या बाकावर बसून त्यानं मला एकवीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.

मुस्तफा त्याचा बॉयलरवरचा मदतनीस. वयानं थोडा लहान, मूळचा उरणकडचा, कंत्राटी कामगार. पंप बघायचा. दोघांचा आपसात ठराव होता. शुक्रवारी दुपारी मुस्तफा नमाजाला जायचा तेव्हा ज्ञानू त्याचं काम बघायचा. रविवारी ड्युटी आली की ज्ञानू अडीच-तीन तास उपासनेला सटकायचा आणि मुस्तफा सांभाळायचा. फक्त काचेवरचा आकडा लिहायचं काम अटेंडंटचं, म्हणजे ज्ञानूचं, ते मदतनिसाचं नाही. म्हणून ज्ञानू काय करायचा? जाण्याआधीच नऊचे, दहाचे, अकराचे आकडे लिहून टाकायचा. पाणी ठीक, प्रेशर ठीक.

त्या रविवारी पंप नऊपासूनच कमी पाणी ओढत होता. मुस्तफा बाहेर इंधनाचा टँकर रिकामा करून घेण्यात गुंतलेला. काचेकडं कुणी बघितलंच नाही. साडेअकराला पाणी तळाला गेलं, सेफ्टी प्लग वितळला, सगळीकडं वाफ. मुस्तफानं धावत जाऊन आग बंद केली म्हणून पुढचं टळलं. कुणाला इजा नाही, पण कारखाना चार दिवस बंद.

चौकशी झाली. शीटवर अकराला पाणी ठीक. म्हणजे जे काही झालं ते अकरानंतर, म्हणजे पंपवाल्या मुस्तफानं चुकीचा वॉल्व्ह बंद केला, असं ठरलं. साहेबांनी ज्ञानूला विचारलं, आकडे तुझेच ना? ज्ञानू ‘हो’ म्हणाला. आकडे त्याचेच होते की! मुस्तफाला विचारलं, तुला काही सांगायचंय? मुस्तफानं ज्ञानूकडं एकदा बघितलं आणि ‘नाही’ म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याचा गेटपास काढून घेतला, काम संपलं.

‘‘तो बोलला असता तर माझी नोकरी गेली असती,’’ ज्ञानू म्हणाला. ‘‘तो नाय बोलला. मी बी नाय बोललो. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली.’’

मी बाकावरून उठलो. मग म्हटलं, ‘‘चल, उद्या जाऊ.’’

मुस्तफाचा पत्ता जुन्या कामगारांकडून मिळाला. जासईला, कंटेनर यार्डाच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान. बेलापूरहून बस धरली. ज्ञानू वाटभर पुटपुटत होता. मला वाटलं प्रार्थना. म्हणाला, ‘‘नाय रे, काय बोलायचं ते पाठ करतोय.’’

दुकानापुढं मुस्तफा स्टुलावर बसलेला, दाढी पांढरी. त्यानं ज्ञानूला लांबूनच ओळखलं. उठला नाही. म्हणाला, ‘‘ये ज्ञानूभाई. वाट चुकलास का?’’

ज्ञानूचं पाठांतर गेलं उडून. उभ्या-उभ्याच म्हणाला, ‘‘मुस्तफा, त्या दिवशी आकडे मी आधीच लिहिले होते. मी तुझी रोटी खाल्ली. एकवीस वर्षं रोज तुझ्यासाठी प्रार्थना केली, पण इथवर यायची छाती झाली नाय.’’

मागं घराच्या दारात मुस्तफाची बायको आबिदा उभी होती. तीच आधी बोलली. ‘‘रोज दुवा करत होता? आणि पाठवत कुठं होता, वर? आमी तर इथं खाली राहतो. बस येते इथं.’’

मुस्तफा हसला, पण लगेच गंभीर झाला. ‘‘तू घाबरलास ते मला तेव्हाच कळलं. जबान मीच दिली होती, सांभाळतो म्हणून, ती मी पाळली. त्याचा राग नाही. पण मला वाटलं, आठवड्याभरात तू घरी येशील. महिनाभर मी संध्याकाळी दुसरीकडं कुठं गेलोच नाही.’’

ज्ञानू खाली बसला, टायरवरच. मग मुस्तफा सांगत गेला आणि आम्ही ऐकत गेलो. दोन वर्षं यार्डात हमाली केली. आबिदानं शिवणकाम केलं, पोरीची, नबीलाची, शाळा एक वर्ष सुटली. पुढं दुकान झालं, पोरीचं लग्न झालं, सगळं मार्गी लागलं. ज्ञानूनं मध्ये एकदाही ‘देवाची कृपा’ म्हटलं नाही. मी त्याच्याकडं बघत होतो. एकेक गोष्ट त्याच्या तोंडावर उमटत होती.

शेवटी त्यानं विचारलं, ‘‘मुस्तफा, तुझ्यासाठी आता मी काय मागू?’’

‘‘देवाकडं काही नको. तुझ्याकडं मागतो,’’ मुस्तफा म्हणाला. ‘‘माझा सैफ चौदाचा होता तेव्हा. लोकांनी त्याला सांगितलं, तुझ्या बापानं बॉयलर जाळला. आज तो ट्रेलर चालवतो, पस्तिशीचा आहे. मी त्याला गाडीबद्दल काही शिकवायला गेलो की म्हणतो, ‘अब्बा, तुम्ही नका शिकवू.’ एवढंच म्हणतो. पुढचं म्हणत नाही, पण मला ऐकू येतं. त्याला तू सांग.’’

ज्ञानूचा चेहरा पडला. मुस्तफाला सांगणं एक, तो सगळं जाणून होता. पण अनोळखी तरण्या माणसापुढं त्याच्या बापासमोर आपली लाज उघडी करायची! मला वाटलं, हा आता ‘पुढच्या खेपेला’ म्हणेल. ज्ञानूनं डोळे मिटले. मिनिटभर, फार तर. ओठ हलले नाहीत. मग म्हणाला, ‘‘बोलाव त्याला.’’

सैफ दुपारी जेवायला आला. धिप्पाड गडी. ज्ञानूनं त्याला पहिल्यापासून सांगितलं. कुठंही स्वतःला सावली धरली नाही, उपासनेला गेलो होतो हेही चोरलं नाही. सैफचा घास हातातच राहिला. मग तो ज्ञानूकडं नाही, बापाकडं वळला.

‘‘अब्बा, एवढी वर्षं मी तुमाला बोलत राहिलो. तुमी का नाय सांगितलं?’’

‘‘जबान दिली होती.’’

‘‘कोणाला? ह्यांना?’’ सैफ उठला. मला वाटलं, आता हा ज्ञानूला उचलून रस्त्यावर ठेवतो. पण तो बापाच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसला आणि बापाचा हात दोन्ही हातांत घेऊन बसून राहिला. आबिदा डोळ्यांना पदर लावून आम्हाला दरडावत होती, ‘‘जेवा की! मासे गार होतायत.’’ आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी आणि बोंबील. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, कारण असल्या प्रसंगी मला भूक फार लागते.

परतताना सैफनं आम्हाला स्टॉपपर्यंत सोडलं. बस येताना दिसली तेव्हा म्हणाला, ‘‘चाचा, मला तुमचा राग आलाय. खोटं नाय बोलणार.’’

‘‘येऊ दे. यायलाच पाहिजे.’’

‘‘तुमच्या त्या वहीत माझं नाव टाका. राग कमी व्हायला मागा.’’

ज्ञानू म्हणाला, ‘‘मागतो. पण कमी झाला का नाय, ते विचारायला मी इथं येत जाईन. चालेल?’’

सैफनं थोडा विचार केला. ‘‘या,’’ म्हणाला.

बसमध्ये कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं तरी ज्ञानूचं लक्ष नव्हतं. मीच काढलं. तो खिडकीबाहेर यार्डातले कंटेनर बघत होता आणि त्याच्या तोंडावर जे हलकेपण होतं ते मी त्याच्या वडिलांच्या तोंडावर सुद्धा कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गोजरावहिनी सांगतात, तो तासभर टेबलाशी बसला. वही मिटलेलीच होती. मध्येच एकदा मोठ्यानं हसला, मध्येच नाक पुसलं. ‘‘कुणासाठी चाललंय?’’ वहिनींनी विचारलं. ‘‘एकासाठीच,’’ म्हणाला.

तेव्हापासून आम्ही चार वेळा जासईला जाऊन आलोय. पाचव्या खेपेला आबिदानं गोजरावहिनींनाही घेऊन यायला सांगितलंय. मागच्या वेळी ज्ञानूनं सैफला विचारलं, ‘‘राग किती राहिला रे?’’

सैफ ट्रेलरखाली पडून काहीतरी घट्ट करत होता. तिथूनच म्हणाला, ‘‘निम्मा. पन येत राहा चाचा, मध्ये खाडा पडला तर परत भरंल. आणि तो पाना द्या इकडं. नाय, तो नाय. अब्बांना विचारा, कुठला ते.’’